फायलीतली फेरारी

१९७२ साली टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया गावच्या हायस्कूलने आपल्याकडची एक जुनी गाडी साडेसहा हजार डॉलरला विकून टाकली. शर्यतींचा संघ बाळगणाऱ्या एका धनिकाने काही वर्षांपूर्वी ती शाळेला देऊन टाकली होती. घेणाऱ्यानेही तिचं फार कौतुक केलं नाही. पुढची कित्येक वर्षं ती उघड्यावर ट्रेलरवर पडून होती. ही गाडी म्हणजे फेरारी २५० जीटीओ. १९६२ ते १९६४ या काळात या जातीच्या ३६ गाड्या तयार झाल्या. मोठ्या चार लिटर इंजिनाच्या तीन धरल्या तर ३९. नवी असताना तिची अमेरिकेतली किंमत १८ हजार डॉलरच्या आसपास होती, आणि नुसते पैसे असून भागत नसे, गिऱ्हाईकही कंपनीला पसंत पडावं लागे. याच जातीची दुसरी एक गाडी २०१८ साली कॅलिफोर्नियात मोंटेरेच्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. मधल्या काळात गाडी काही जास्त वेगवान झालेली नाही. उलट आजची चांगली कौटुंबिक गाडीही तिला सिग्नलवरून सुटताना मागे टाकेल. मग बदललं काय? दुर्मीळ आहे, देखणी आहे, जगात अब्जाधीश वाढले, ही नेहमीची उत्तरं खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. जुनी स्पोर्ट्स कार घेणारा माणूस नेमकं काय विकत घेतो, हेच या साठ वर्षांत बदललं. पूर्वी तो यंत्र घेत असे. आता तो त्या यंत्राचा लेखी भूतकाळ घेतो, आणि यंत्र त्या कागदांबरोबर येतं. हे फक्त कोट्यधीशांच्या लिलावांपुरतं खरं नाही. बेताच्या पैशांत जुनी पोर्शे शोधणाऱ्यालाही ते तितकंच लागू पडतं, किंबहुना त्याला जास्त.

साठच्या दशकात वापरलेल्या स्पोर्ट्स कारचा भूतकाळ म्हणजे तिच्यावरचा डाग होता. शर्यतीत धावलेली गाडी म्हणजे पिळवटून काढलेली गाडी, असा सरळ हिशेब असे. जीटीओने १९६२, ६३ आणि ६४ अशी सलग तीन वर्षं आपल्या वर्गातलं जागतिक विजेतेपद फेरारीला मिळवून दिलं, पण तोवर इंजिन चालकाच्या मागे बसवलेल्या गाड्या आल्या आणि पुढे इंजिन असलेली जीटीओ शर्यतीसाठी कालबाह्य ठरली. रस्त्यावर वापरायची म्हटली तर आत घुमणारा आवाज, तापणारी केबिन आणि भारी विमा. जी गाडी हरायला लागली ती विकायची, हा संघांचा रोखठोक नियम. विकणारा गाडीचा इतिहास सांगण्यापेक्षा लपवण्यात जास्त हुशार असे. नवा रंग, नवी सीट, मागे फिरवलेलं मीटर. घेणाराही एवढंच विचारी की पळते किती, अजून किती दिवस पळेल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका फेरीत मिळे. दुसऱ्याचं उत्तर विकणाऱ्याला ठाऊक असे, घेणाऱ्याला नसे.

नेमक्या या फटीवर जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये 'द मार्केट फॉर लेमन्स' हा निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. २००१ साली त्याच कामासाठी अकरलॉफला नोबेल मिळालं. त्याने उदाहरण घेतलं ते जुन्या मोटारींच्या बाजाराचं. विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात, म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला सरासरी किंमत देतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणं परवडत नाही, तिचा मालक बाजारातून निघून जातो, आणि उरतात त्या वाईट. अकरलॉफचा रोख साध्या मोटारींवर होता, पण त्याचं म्हणणं सर्वात कडकपणे स्पोर्ट्स कारलाच लागतं. साध्या गाडीचा छळ दिसतो: झिजलेले पेडल, दबलेली सीट, गंज. स्पोर्ट्स कारचा छळ एका सेकंदाचा असू शकतो. पाचव्यातून चौथ्यात टाकताना गिअर चुकून दुसऱ्यात बसला, तर चाकंच इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात. वेगमर्यादक इंधन तोडू शकतो, चाकांना आवरू शकत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला घासून जातात, बोल्ट ताणले जातात, आणि गाडी त्यानंतरही कदाचित दोन वर्षं नीट चालते. अशा गाडीला बाहेरून कोण ओळखणार? अमेरिकेने १९७२ मध्ये मीटरशी छेडछाड करणं संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरवलं आणि १९८१ पासून प्रत्येक गाडीला सतरा अक्षरांचा ठरावीक ओळखक्रमांक सक्तीचा केला. त्यामुळे फट थोडी बुजली. खरी बुजवली ती सर्व्हिस बुक, बिलं आणि पावत्यांच्या जाडजूड फायलींनी, आणि ती कायद्याने नव्हे, किमतीच्या दबावाने.

किमती सत्तरच्या दशकात हळूहळू उठल्या. पिंक फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन याने १९७७ मध्ये जीटीओ घेतली ती ३५–४० हजार पौंडांच्या घरात, आणि तेव्हा ती रक्कम एका जुन्या गाडीसाठी वेडेपणाची वाटली असणार. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी वारले आणि आधीच तापलेला बाजार उकळला. १९८९ मध्ये जीटीओने एक कोटी डॉलरची रेघ ओलांडली. पुढच्या तीन-चार वर्षांत किमती निम्म्याहूनही खाली कोसळल्या. ज्यांनी फक्त पैशाचा खेळ म्हणून घेतल्या होत्या त्यांचे हात पोळले. दुर्मिळतेचा युक्तिवाद करणाऱ्यांनी याच काळातली दुसरी एक हकिगत लक्षात घ्यावी. फेरारीने १९६० ते १९६३ या काळात २५० जीटीई नावाची चार आसनी गाडी काढली, साडेनऊशेच्या आसपास. तिचं तीन लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन जीटीओच्याच घराण्यातलं. पुढे या जीटीई इतक्या स्वस्त झाल्या की कित्येकांनी त्या मोडून, त्यांचं इंजिन आणि सांगाडा वापरून जीटीओच्या हुबेहूब नकला बनवल्या. चांगल्या कारागिराने केलेली नक्कल दिसायला तीच, आवाजाला तीच, वेगालाही जवळपास तीच. नुसतं देखणेपण हीच किंमत असती तर नकलेलाही ती मिळाली असती. ती मूळ गाडीच्या एका अंशाला विकली जाते. आणि नुसती दुर्मिळता म्हणाल तर एकेक हाताने घडवलेली नक्कल तर जीटीओहूनही दुर्मीळ. नकलेपाशी नसतो तो चेसिस नंबर, ज्याच्या मागे १९६२ च्या एखाद्या रविवारी कोण चालवत होतं याची नोंद आहे. आपल्याकडे जमीन घेणारा आधी सात-बारा आणि फेरफार काढतो, मग बांधावर जातो. या बाजारानेही तोच क्रम धरला.

हा क्रम कोर्टातही गेला. ले माँची २४ तासांची शर्यत १९२९ आणि १९३० अशी दोनदा जिंकणारी बेंटली स्पीड सिक्स 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखली जाते. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर तिला मोठं इंजिन बसवलेलं असताना अपघात झाला, चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला, आणि त्यानंतर गाडी पुन्हा वेगळ्या रूपात बांधली गेली. तेजीच्या ऐन भरात ती १ कोटी पौंडांना विकायचं ठरलं, आणि घेणाऱ्याने मागे हटत म्हटलं की यात ले माँ जिंकलेल्या गाडीचं काही उरलेलंच नाही, ही ती गाडी नव्हे. १९९० मध्ये लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे कित्येक दिवस धातूच्या तुकड्यांवर साक्षी झाल्या. १९२९–३० मधले मूळ भाग अगदी नाममात्र शिल्लक आहेत, हे न्यायमूर्तींनी मान्य केलं. तरीही निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. भाग एकेक करून बदलत गेले, पण गाडी म्हणून तिचं अस्तित्व कधी तुटलं नाही, तिच्या जागी दुसरी कुठली गाडी 'ओल्ड नंबर वन' म्हणून उभी राहिली नाही, म्हणून हीच ती, असा त्याचा आशय. या धंद्याच्या इतिहासातला हा सर्वात महत्त्वाचा कागद आहे, असं मी मानतो. गाडीची ओळख तिच्या लोखंडात नसून तिच्या अखंड नोंदीत आहे, हे तोवर दलाल बोलत. आता न्यायालय बोललं.

यावर रास्त आक्षेप असा की हे सगळं संग्राहकांचं झालं. ज्याला रविवारी सकाळी घाटात गाडी चालवायची आहे, त्याला ले माँशी काय देणंघेणं? त्याने वेग, वळणावरची पकड आणि परवडणारी किंमत पाहावी. पण या माणसासाठीच फाइल जास्त महत्त्वाची आहे, फक्त तिच्यात विजेत्यांची नावं नसतात, गॅरेजची बिलं असतात. नव्वदच्या दशकातल्या दोन गाड्या समोर ठेवू. फेरारी एफ ३५५ ही १९९४ ते १९९९ या काळातली, साडेतीन लिटरची, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह. आवाज असा की आजही तिच्या नावावर लोक फिदा आहेत. होंडा एनएसएक्स १९९० ची, जगातली पहिली पूर्ण ॲल्युमिनियम सांगाड्याची उत्पादित गाडी. तिच्या चाचण्यांत शर्यतपटू आयर्टन सेनाने सुझुकाच्या शर्यतमार्गावर फेऱ्या मारून सांगाडा आणखी ताठ करायला लावला, आणि मॅक्लारेन एफ१ चा रचनाकार गॉर्डन मरे याने ती आदर्श म्हणून समोर ठेवली. शर्यतीच्या मैदानावर ३५५ बरीच पुढे. पण ३५५ चे टायमिंग बेल्ट बदलायचे तर इंजिन आणि गिअरबॉक्स सबफ्रेमसकट खाली उतरवावे लागतात, आणि हे काम दर काही वर्षांनी करायचंच असतं, गाडी चालो वा न चालो. शिवाय सुरुवातीच्या गाड्यांमधल्या व्हॉल्व्ह गाइड लवकर झिजत आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डना तडे जात. एनएसएक्सलाही बेल्टच आहे, पण इंजिन जागेवर ठेवून तो बदलता येतो. म्हणजे ३५५ घेताना मीटरवरच्या आकड्याहून 'इंजिन शेवटचं कधी उतरवलं, तेव्हा आत काय काय बदललं' हा प्रश्न मोठा. याचं उत्तर देणारी ३५५ आणि न देणारी ३५५ या व्यवहारात दोन वेगळ्या गाड्या आहेत, आणि दोघींच्या किमतीतला फरक बेल्टच्या बिलाएवढा नसतो, अज्ञानाच्या बिलाएवढा असतो. एनएसएक्सचं वैगुण्यही याच भाषेत नोंदलेलं आहे: सुरुवातीच्या काही गाड्यांच्या गिअरबॉक्समधली एक रिंग तुटते, आणि कुठल्या गाडीत तो धोका आहे हे गिअरबॉक्सवर कोरलेल्या क्रमांकावरून कळतं. विश्वासू म्हणून नावाजलेली गाडीसुद्धा शेवटी नंबर वाचूनच घ्यायची.

पोर्शे ९११ चा दाखला आणखी बोलका. १९९३ मध्ये आलेली ९९३ ही हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची शेवटची ९११. तिच्यानंतर १९९७ मध्ये ९९६ आली: पाण्याने थंड होणारं इंजिन, २७२ च्या जागी ३०० अश्वशक्ती, जास्त वेग, जास्त प्रशस्त. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे बुडायच्या बेतात होती. खर्च वाचवायला ९९६ चे पुढचे दिवे, दरवाजे आणि बरंच काही स्वस्तातल्या बॉक्सटरबरोबर वाटून घेतलं गेलं. आज जुन्या बाजारात ९९३ ही ९९६ पेक्षा कितीतरी महाग आहे. नवी, वेगवान, सुधारलेली गाडी स्वस्त आणि जुनी, संथ गाडी महाग. वेगावर किंमत ठरत असती तर हे उलटं असतं. ९९३ ला भावनेचं पाठबळ आहे हे खरं; हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा खरखरीत आवाज आणि गोल दिवे यांवर एका पिढीचा जीव जडलेला आहे. पण भावनेने पूर्ण उलगडा होत नाही. ९९६ च्या इंजिनात क्रँककडून व्हॉल्व्हच्या यंत्रणेकडे गती नेणारा एक मधला शाफ्ट आहे. त्याच्या टोकाचं लहानसं बेअरिंग फुटलं की सगळा ताळमेळ जातो आणि अख्खं इंजिन भंगारात निघतं. सुरुवातीला तिथे दुहेरी रांगेचं बेअरिंग होतं, नंतर एकेरी रांगेचं आलं आणि ते जास्त फुटलं. प्रकरण अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१३ मध्ये पोर्शेला तडजोड करावी लागली. आता गंमत पाहा: त्याच ९९६ च्या टर्बो आणि जीटी३ या रूपांत पोर्शेचा अभियंता हान्स मेट्झगर याच्या घराण्यातलं वेगळं इंजिन आहे, त्यात हे बेअरिंगच नाही, आणि त्यांची किंमत कधीच तशी घसरली नाही. सुरुवातीच्या जीटी३ चे दिवे तर तेच, ज्यांना तळलेल्या अंड्याची उपमा देऊन नावं ठेवली गेली. म्हणजे दोष दिव्यांचा नव्हता, दिसण्याचा नव्हता. न दिसणाऱ्या एका भागाबद्दलच्या अनिश्चिततेचा होता. क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हाच बेअरिंगही बदलून घेतल्याची पावती ज्या साध्या ९९६ बरोबर असते, ती तिच्या बिनकागदी बहिणीपेक्षा वरचढ भावाने जाते. हा एका पावतीचा भाव.

चांगला मेकॅनिक नेऊन गाडी तपासून घ्यावी, कागद कशाला, असं कोणी म्हणेल. तपासणी करावीच. सिलिंडरमधला दाब मोजता येतो, गळती दिसते, अपघातानंतर ठोकून सरळ केलेला पत्रा हाताला कळतो. पण मेकॅनिक आजची गाडी पाहतो, काल काय झालं ते नाही. बेल्ट दोन वर्षांचा की नऊ, हे झाकण उघडून सांगणं कठीण. बेअरिंग तर गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय नजरेलाही पडत नाही, आणि विकणारा तेवढं करू देत नाही. दुसरा, अधिक गंभीर आक्षेप असा की फायलीच्या पूजेने गाड्या मारून टाकल्या. कमी किलोमीटरचा आकडा टिकावा म्हणून वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या गाड्यांचे सील वाळतात, रबर कडक होतं, टाकीत पेट्रोल नासतं. इथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. कमी फिरलेली गाडी म्हणजे चांगली गाडी हा समज फाइल न वाचणाऱ्यांचा आहे. नीट वाचली तर फाइल उलट सांगते: दरवर्षी थोडी चाललेली आणि दरवर्षी बिल झालेली गाडी त्या झाकलेल्या गाडीपेक्षा निरोगी. बनावट फायलींचा प्रश्नही खरा आहे. जिथे कागदाला किंमत येते तिथे खोटे कागद येतातच, एकाच चेसिस नंबरवर दोन गाड्यांनी हक्क सांगितल्याची प्रकरणं या व्यापारात घडली आहेत. पण यातून कागद निरुपयोगी ठरत नाही. कागद तपासण्याचं एक वेगळं कौशल्य जन्माला आलं एवढंच सिद्ध होतं.

भारतात या बाजाराचा इतिहास तोकडा आहे, आणि त्याचं कारणही कागदच. आयात धोरणाने वापरलेल्या गाडीवर अटी घातल्या: तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, उतरायची मुंबईच्या बंदरात, आणि वर जबर शुल्क. त्यामुळे दहा-पंधरा वर्षं वापरलेली ३५५ किंवा ९९६ युरोपातून आणून चालवणं ही इथल्या हौशी माणसाच्या आवाक्यातली गोष्ट झालीच नाही. जी एक जुनी फेरारी मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे तिचीही कीर्ती फायलीमुळेच. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल सचिन तेंडुलकरला ३६० मोडेना भेट मिळाली. मायकेल शूमाकरने २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला ती त्याच्या हवाली केली. नंतर १ कोटी १३ लाखांच्या आयातशुल्काच्या माफीवरून वाद पेटला, दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेली, आणि अखेर शुल्क भेट देणाऱ्या फियाटने भरलं. २०११ मध्ये ती सुरतच्या एका व्यावसायिकाने घेतली. तोवर ३६० नंतरची ४३० आणि तिच्याही पुढची ४५८ बाजारात आली होती. नुसता वेगच हवा असता तर त्या दोन्ही उजव्या होत्या.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फाइलच गाडीच्या पोटात शिरली आहे. ९९६ पासूनच्या पोर्शेंमध्ये इंजिनाचा संगणक किती वेळा मर्यादेपलीकडे फेरे गेले आणि ते इंजिनाच्या कितव्या तासाला, याची नोंद ठेवतो. चुकून दुसऱ्यात बसलेला तो गिअर आता लपत नाही. इंजिनाचे एकूण तास आणि मीटरवरचे किलोमीटर ताडून पाहिले की मागे फिरवलेलं मीटरही उघडं पडतं. स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलणाऱ्या फेरारीत क्लच किती झिजला हे यंत्र जोडून टक्क्यांत वाचता येतं. अकरलॉफने दाखवलेली फट इथे बरीचशी बुजते. आधीच्या, संगणक नसलेल्या गाड्यांसाठी कंपन्यांनी स्वतःच दाखले द्यायला सुरुवात केली. फेरारीचा क्लासिके विभाग कारखान्यातल्या मूळ नोंदींशी गाडी ताडून प्रमाणपत्र देतो. मूळ इंजिन हरवलं असेल तर नवा ब्लॉक ओतून देण्याची सोयही तिथेच आहे. इथे मात्र धंदा स्वतःच्याच तर्काविरुद्ध गेला आहे. लंडनच्या निकालाप्रमाणे गाडी खरी ठरते ती अखंड नोंदीमुळे, भाग कुठलेही असोत. कारखान्याच्या दाखल्याप्रमाणे ती खरी ठरते मूळ आराखड्याशी जुळल्यामुळे, मग तो भाग काल ओतलेला का असेना. शिवाय दुरुस्ती करणारा आणि दाखला देणारा एकच. २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात फ्रान्समधल्या एका शेतघराच्या आवारात दशकानुदशकं पडून राहिलेली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर धुळीसकट मांडली गेली आणि १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. घेणाऱ्यांनी पहिल्या निकषाला दिलेलं ते मत होतं, आणि जुन्या फेरारींच्या पुढच्या व्यवहारांत हे दोन निकष समोरासमोर येतच राहणार.